पंगतीतला फोटोवाला

पवनीला बदली झाली तेव्हा घर शोधत मी त्यांच्या दारात उभी राहिले. भाडं काय, पाणी कुठून भरायचं, असलं काही निघण्याआधीच त्यांनी मला विचारलं, "बाई, तुमच्या लग्नाचे फोटो कोनी काढले?"

मी म्हटलं, भंडाऱ्याच्या एका स्टुडिओवाल्यानं.

"अन् निगेटिव्ह कोनापाशी आहेत?"

निगेटिव्ह म्हणजे नेमकं काय, हे तेव्हा मला धड ठाऊकही नव्हतं. त्याच्याकडेच असतील, असं मी सांगितलं. त्यावर त्यांनी मान हलवली. एखादी बाई दागिने अनोळखी घरात ठेवून गावाला गेली आहे असं कळल्यावर आपण हलवू, तशी. मग म्हणाले, खोल्या मागच्या अंगाला आहेत, पाहून घ्या.

आणीबाणी नुकतीच उठली होती. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, माझे यजमान तुमसरला नोकरीला होते आणि शनिवारी यायचे. मागच्या त्या दोन खोल्यांत माझी बरीच वर्षं गेली. त्यांना मी काका म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला काकू. गावात मात्र त्यांना नाव नव्हतं. सगळे 'फोटोवाले' म्हणत, आणि ते पुरे होतं, कारण तेव्हा त्या भागात लग्नाचे फोटो काढणारे तेवढेच एक होते.

उंच, वाकलेले, नेहमी पूर्ण बाह्यांचा पांढरा सदरा. औषधांच्या पाण्यानं बोटांची नखं तपकिरी झालेली. कॅमेरा जुना, डब्यासारखा. गळ्यात अडकवायचा आणि मान खाली घालून वरून आत बघायचं. त्यामुळे ते फोटो काढताना नमस्कार करत आहेत असं वाटे. लहान मुलं त्यांना उलट नमस्कार करत आणि नेमका तेव्हाच फोटो निघे.

पुढच्या खोलीत स्टुडिओ होता. त्या काळी सगळ्या स्टुडिओंत मागच्या पडद्यावर ताजमहाल असायचा, नाहीतर बर्फाचे डोंगर. यांच्या पडद्यावर वैनगंगेचा घाट होता, आणि तो त्यांनी स्वतः रंगवला होता. पायऱ्या जरा तिरप्या आल्या होत्या. त्यापुढे उभा राहिलेला माणूस नदीकडे घसरतो आहे असा भास व्हायचा. नवी जोडपी कुरकुरत. नदी त रोजच पाह्यतो, फोटोत कायले पाह्यजे, असं एका नवरदेवानं माझ्यासमोर विचारलं होतं. काका शांतपणे म्हणाले, "मंग आग्र्याले जा ना बाप्पा. तठी खराच आहे." जोडपं रागावून निघून गेलं. काकू आतून ऐकत होत्या. त्यांनी परात जरा जोरात ठेवली.

पोट भरत होतं ते परीक्षेच्या फॉर्मांना लावायच्या फोटोंवर आणि लग्नांवर. लग्नातही त्यांची एक खोड होती. हार घालताना, अंतरपाट धरलेला असताना, आईबाप डोळे पुसताना ते लागतील तेवढे फोटो काढत. पण मन तिथं नसे. एकदा अक्षता पडल्या की ते मांडवामागं निघून जात. पंगत बसेपर्यंत तिथंच घुटमळत आणि पंगत बसली की रांगेच्या टोकाला उकिडवे बसून कॅमेऱ्यात मान घालत.

मी एकदा विचारलं, एवढं काय आहे पंगतीत?

"बाई, बोहल्यावर माणूस अवघडलेला असते. खुर्चीवर बसवला का छाती फुगवते. जेवाले बसला का ढिला होते. घास घेतला का मंग त्याचा खरा चेहरा दिसते."

त्यांचं म्हणणं मला पटायचं. गिऱ्हाइकांना पटत नसे. लोकांना आपला खरा चेहरा पाहायचा नव्हता, चांगला चेहरा पाहायचा होता. एका नवरीची आत्या दोन्ही गाल जिलबीनं फुगलेली अशी अल्बमात आली, आणि नवरीचे वडील तो अल्बम घेऊन भांडायला आले. काकांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, तो फोटो अल्बमातून काढून त्यांच्या हाती ठेवला आणि सांगितलं, निगेटिव्ह तुमच्याचपाशी आहे, पटत नसंल त जाळून टाका, चेहरा तुमच्या घरचा आहे.

ही त्यांची दुसरी खोड, आणि काकूंच्या मते हीच घर बुडवणारी. निगेटिव्ह हाती ठेवलं की धंदा हाती राहतो. कुणाला फोटोच्या आणखी प्रती हव्या झाल्या, मोठा करून भिंतीवर लावायचा झाला, तर गिऱ्हाईक तुमच्याकडेच परत येतं. सगळे स्टुडिओवाले म्हणूनच निगेटिव्ह जपून ठेवतात. हे मात्र प्रिंटांसोबत निगेटिव्हही कागदात गुंडाळून ज्याचे त्याला देऊन टाकत. सायकलवर घरोघरी स्वतः नेऊन देत आणि सगळे फोटो पाहून होईपर्यंत तिथंच बसून राहत. का, म्हणून विचारलं तर एवढंच म्हणत की दुसऱ्याचा चेहरा आपल्या घरी कायले ठेवायचा.

ऐंशी साल ओलांडलं आणि नागपूरची कंपनी आली.

तिचं काही एक नाव होतं, पण गावात सगळे नुसतं 'कंपनी' म्हणत. भंडाऱ्याला तिनं शाखा उघडली आणि तिथून तिची मॅटाडोर जिल्हाभर फिरू लागली. गाडीतून एकसारखे शर्ट घातलेली माणसं उतरत. पांढऱ्या छत्र्या लावलेले दिवे, सोबत स्वतःचा जनरेटर. एक जण बोहल्याच्या डाव्या बाजूला उभा राही, एक उजव्या, एक स्टुलावर. सगळे फोटो रंगीत. अल्बमाला मऊ गादीसारखं वेष्टन आणि आत पानापानावर झिरझिरीत कागद. राईस मिलवाले, मोठे किराणा व्यापारी, कंत्राटदार यांनी आधी कंपनीला बोलावलं. मग त्यांचं पाहून बाकीच्यांनी. दोनतीन मोसमांत काकांकडे उरली ती वाड्यावस्त्यांवरची लग्नं, मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या वस्तीतली, ज्यांना कंपनी बोलावणं झेपत नव्हतं अशांची. आणि शंकरपट.

शंकरपटात बैलजोड्या पळत आणि जिंकलेल्या जोडीच्या मालकाला फोटो हवा असे. कंपनीची माणसं एकदा आली होती, पण त्यांचे दिवे पाहून बैल बुजले आणि एक जोडी दावं तोडून बाजारात शिरली. काका बैलांपाशी आधी तासभर नुसते बसून राहत. बैलांचा श्वास खाली बसल्याशिवाय त्यांनी कधी बटन दाबलं नाही, मालक कितीही घाई करो. त्या फोटोंत बैल इतके शांत आणि मालक इतके ताठ दिसत की पाहणाऱ्याला शर्यत मालकच पळाले की काय असं वाटे.

पण शंकरपट वर्षातून काही दिवसांचे. काकूंनी ब्लाउज शिवायला घेतले. पुढच्या खोलीत, घाटाच्या पडद्याखाली, त्यांची शिलाई मशीन आली.

कंपनीबद्दल काकांना राग होता का, हे मला कधी उमगलं नाही. माझ्यासोबत शिकवणाऱ्या एका बाईच्या लग्नाचा अल्बम कंपनीनं केला होता. तो पाहायचा म्हणून त्यांनी मला मागून आणायला लावला. हात साबणानं धुतले, पुसले, चटईवर मांडी घालून बसले आणि एकेक पान उलटत अख्खा अल्बम पाहिला. काकू दाराशी उभ्या होत्या. मला वाटलं, आता काही खोड काढतील. ते एका पानावर थांबले. त्या पानावर नवरीच्या शालूचा हिरवा रंग होता. म्हणाले, "रोवणीच्या पंधरा दिवसांनी धानाची बांधी अशी दिसते." आणि अल्बम मिटून मला परत दिला. चांगले आहेत, मेहनत आहे, एवढंच म्हणाले.

त्यानंतर ते नागपूरला जाऊन रंगीत रोल घेऊन आले. पहिला फोटो कुणाचा काढायचा, तर काकूंचा. काकूंना त्यांनी हिरवं लुगडं नेसायला लावलं आणि अंगणात उभं केलं. काकू म्हणाल्या, दूध चुलीवर आहे. ते म्हणाले, थांब. ऊन ढगाआडून बाहेर येईपर्यंत त्यांनी काकूंना उभं ठेवलं, ऊन आलं आणि त्याच क्षणी दूध उतू गेलं. काकू धावल्या. रोल धुवायला नागपूरला पाठवावा लागे, घरी होत नसे. आला तेव्हा सगळे फोटो निळसर पडलेले, आणि काकूंच्या फोटोत अर्ध्या काकू, पदर उडालेला, पाय चौकटीबाहेर. काकांनी रंगीत पुन्हा केलं नाही. आपला रोल दुसऱ्याच्या हाती द्यायचा हेच त्यांना जमण्यासारखं नव्हतं. तो अर्धा फोटो मात्र काकूंनी चुलीच्या वरच्या फळीवर लावून ठेवला. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या सांगत, हा आमच्या घरचा कलर फोटो.

एकदा कंपनीचा मॅनेजर स्वतः आला. चांगला माणूस होता, अदबीनं बोलणारा. या भागात लोक तुम्हाला ओळखतात, तुम्ही आमच्याकडे या, महिन्याचा पगार, रोल आमचे, कॅमेरा आमचा, असं त्यानं सांगितलं. काकूंनी त्याच्यासाठी पोहे केले, त्यात शेंगदाणे जास्त घातले. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, मला कुठं उभं राहावं लागेल? मॅनेजर म्हणाला, बोहल्याच्या डाव्या बाजूला. शेवटपर्यंत? हो, शेवटपर्यंत, वधूवर उठेपर्यंत.

काका म्हणाले, मले एका जागी उभं राहता येत नाही, साहेब.

मॅनेजर गेल्यावर काकू दिवसभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मशीनचा आवाज तेवढा माझ्या खोलीपर्यंत येत होता. संध्याकाळी त्या माझ्याकडे येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, मी काहून रागावू? माणूस असाच भेटला. पन एखाद्या दिवशी वाटते, यायनं दुसऱ्यासारखं वागून पाहावं ना."

ज्या प्रसंगासाठी मी हे सगळं लिहायला बसले तो यानंतरचा.

गावात एक राईस मिलवाले होते. त्यांची धाकटी मुलगी माझ्या वर्गात होती, त्यामुळे त्या घरी माझं जाणंयेणं होतं. त्यांच्या मोठ्या मुलाचं लग्न थाटात झालं होतं, आणि अर्थात फोटोला कंपनी होती. लग्नाला वर्षही झालं नसेल. मिलच्या गोदामात धानाची पोती हलवून घेताना त्या मुलाला साप चावला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला होता.

तेरवी झाल्यावर एका दुपारी मिलवाले स्वतः काकांच्या दारात आले. हातात तो गादीचा जाडजूड अल्बम. त्यांना भिंतीवर लावायला मुलाचा फोटो हवा होता. तुम्ही म्हणाल, एवढा अल्बम असताना फोटोची काय वाण? तेच त्यांनी पानं उलटून दाखवलं. प्रत्येक फोटोत मुलगा नवरदेव होता. कपाळाला बाशिंग, चेहऱ्यावर मुंडावळ्या, शेजारी नवरी. बाशिंग बांधलेल्या मुलाच्या फोटोला हार कसा घालायचा? स्वागत समारंभातले काही होते, पण तिथं दिव्यांच्या झोतात त्याचा चेहरा गुळगुळीत आणि परका दिसत होता. आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून ती. कंपनीनं तिला कापून त्याचा एकट्याचा फोटो करून दिला होता. तोही मिलवाल्यांनी आणला होता. त्यात त्याच्या दंडावर तिच्या मेंदीची चार बोटं राहून गेली होती.

"याची माय मनते हा आपला पोरगा नाही दिसत," मिलवाले म्हणाले. "तुमी लई लग्नायत फिरता. तो जाये सगळ्यायच्या लग्नात, कामं करू लागे. एखाद्यात असंल त पाहा."

काका म्हणाले, असंल. पन माझ्यापाशी नाही. मी सगळे निगेटिव्ह ज्याचे त्याले देऊन टाकले.

काकू दाराआड होत्या. मिलवाले गेल्यावर त्या बाहेर आल्या. मला वाटलं, आता वर्षांनुवर्षांचं सगळं एकदम निघणार. त्यांनी फक्त विचारलं, "आता?"

"आता जातो," काका म्हणाले.

मुलगा कुठल्या कुठल्या लग्नांना गेला होता हे त्याच्या आईला तोंडपाठ होतं. आत जाऊन बायकांपाशी बसणं काकांना अवघड वाटे, म्हणून ते मला घेऊन गेले. आईनं सांगितलं, मी ऐकलं, येताना काकांना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ते सायकल घेऊन निघाले. आधी पवनीतली घरं, मग आजूबाजूची गावं, अड्याळ, त्याच्या पलीकडची.

संध्याकाळी आले की अंगणात पाय धुता धुता सांगत. कुणी निगेटिव्ह देवघरात ठेवले होते, कुणी धानाच्या ढोलीत. एका घरात ग्रहण पाहायला म्हणून पोरांनी त्यांचे तुकडे करून वाटून घेतले होते. एका म्हातारीनं खिडकीच्या फुटक्या काचेला चिकटवले होते, रोज सकाळी उन्हात तिला आपल्या नातीचं लग्न उलटं दिसे, काळे दात, पांढरे केस. मी म्हटलं, तुम्हाला वाईट नाही वाटलं? ते म्हणाले, वस्तू त्यायची, त्यायनं वापरली. जिथं निगेटिव्ह सापडत तिथं ते दारात उभे राहून उजेडाकडे धरत आणि एकेक चेहरा पाहत. बोहल्यावरचे पाहतच नसत. कडेकडेचे पाहत.

शेवटी राहिलं करडी. तिथं त्या मुलाच्या मामेबहिणीचं लग्न झालं होतं आणि फोटोला काकाच गेले होते. पवनीहून लांब, मोहाडीकडचं गाव. एसटीच्या टपावर सायकल टाकून ते भंडाऱ्याला गेले, तिथून पुढे. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले ते थेट डार्करूममध्ये शिरले. करडीच्या त्या घरानं निगेटिव्ह पितळी डब्यात, हळकुंडांसोबत ठेवले होते. ते पिवळे पडले होते, पण शाबूत होते.

फोटो पंगतीचा होता. पुढं बायकांची एक रांग जेवते आहे आणि त्यांच्या मागं, अगदी कडेला, तो. बाह्या वर सारलेल्या, एका हातात कढीची बादली, दुसऱ्यात ओगराळं, कमरेत वाकलेला. कपाळावर घाम, केस विस्कटलेले. चौकटीबाहेरच्या कुणाकडे तरी पाहून तो हसत होता. तोंडभर, खांदे हलत असतील असं. मोठा केल्यावर त्याचा चेहरा तांदळाच्या कणीसारखा दाणेदार झाला होता, तरी तो तोच होता. मी त्याला मिलच्या दारात कितीदा पाहिलं होतं.

काकांनी दोन प्रिंट काढले. एकात फक्त चेहरा. दुसऱ्यात बादलीसकट सगळा.

आम्ही दोघं ते घेऊन गेलो. आईनं चेहऱ्याचा फोटो हातात घेतला. नुसता अंगठा त्याच्या कपाळावरून फिरवत राहिली, घाम पुसावा तसा. मिलवाल्यांनी बादलीचा फोटो पाहिला, जरा घुटमळले आणि म्हणाले, भिंतीवर हा चेहऱ्याचाच बरा. काका म्हणाले, हो, भिंतीवर तोच बरा.

बादलीचा फोटो चटईवर तसाच राहिला होता. आतल्या दाराच्या चौकटीला टेकून सून उभी होती. कोवळं वय, पदर कपाळापर्यंत. ती पुढं आली, वाकून तो उचलला आणि उजेडाकडे धरून पाहत राहिली. मग माझ्याजवळ बसली आणि हळूच म्हणाली, "बाई, त्यायले विचारा ना. हे कोनाकडे पाहून हसून राहिले?"

काकांना ते ऐकू गेलं. त्यांनी फोटो मागून घेतला. बराच वेळ त्याच्या कडेकडे पाहत राहिले, जणू आणखी थोडं सरकून पाहिलं तर पलीकडचं दिसेल. मग फोटो परत देत म्हणाले, "मालूम नाही, पोरी. मी बायकायकडे पाहत होतो."

तिनं मान हलवली आणि आत गेली.

ते दिवस ऐन लग्नाचे होते. त्या आठवड्यात त्यांच्याकडे एकच लग्न होतं, गावातल्या गावात, बरं घर. काकूंनी त्यावर मनात बरंच काही मांडून ठेवलं होतं. लग्नाच्या आदल्या सकाळी मी शाळेला निघाले तर सायकल जागेवर नव्हती. काकू मशीनवर बसल्या होत्या, पण मशीन बंद होती. त्यांनी सांगितलं, करडीला गेले. पुन्हा? हो, पुन्हा. फोटो आणला ना, मग आता काय राहिलं? काकू म्हणाल्या, "कोनाकडे पाहून हसला ते विचाराचं राहिलं."

दुसऱ्या दिवशी ते वेळेवर परतले नाहीत. एसटी चुकली होती. लग्नघरच्यांनी थोडी वाट पाहिली आणि मग भंडाऱ्याला माणूस पाठवला. दुपारच्या मुहूर्ताला कंपनीची मॅटाडोर आमच्या घरावरूनच गेली. काकू दारातून ती जाताना पाहत होत्या.

काका संध्याकाळी आले. मॅटाडोरचं कळल्यावर सायकलला टेकून थोडे उभे राहिले. काकूंनी त्यांना जेवायला वाढलं. हात धुऊन झाल्यावर काकूच म्हणाल्या, "मालूम झालं का पन?"

झालं, असं ते म्हणाले. काकूंनी ऐकून घेतलं आणि त्याच मला हाक मारून म्हणाल्या, बाई, उद्या यायच्यासंगं जाऊन या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही मिलवाल्यांकडे गेलो. मिलवाले घरी नव्हते, सासू आत पडून होती. सून दाराआड उभी राहिली. काका ओसरीवर बसले आणि दाराकडे न पाहता, समोरच्या खांबाकडे पाहत सांगू लागले.

करडीच्या त्या पंगतीत समोरच्या रांगेत नवरीचा एक म्हातारा चुलता बसला होता. गावातले लोक त्याला ओळखून होते. तुझा नवरा कढी वाढत त्याच्यापर्यंत आला. म्हातारा म्हणाला, नको नको बाप्पा, आता बस, पोट फुटन. आणि उजव्या हातानं नको नको करता करता डाव्या हातानं तो पत्रावळ हळूहळू पुढं सरकवत होता. तुझा नवरा बादली घेऊन एक पाऊल मागं गेला. पत्रावळ आणखी पुढं आली. तो आणखी मागं गेला. शेवटी पत्रावळ वाटेच्या मधोमध आली आणि म्हातारा आडवा होऊन तिला धरून, तरी तोंडानं म्हणतोच आहे, नको.

हे सांगताना काकांनी उजवा हात असा हलवला आणि डावा ओसरीच्या फरशीवरून असा सरकवला, आणि त्यांची मान त्या डाव्या हातामागं लांब होत गेली.

दाराआडून आवाज आला. आधी मला वाटलं, ती रडते आहे. पदराचा बोळा तोंडावर धरून ती हसत होती. थांबू पाही, आणि हसू पुन्हा येई.

आतून सासू उठून आली. केस सुटलेले, डोळे सुजलेले. या घरात कोण हसलं ते पाहायला आली होती. सून एकदम गप्प झाली आणि भिंतीशी सरकली. सासूनं तिच्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. मग खाली बसली आणि म्हणाली, "मलेही सांगा."

काकांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पंगत, म्हातारा, कढी. पत्रावळ वाटेच्या मधोमध आली तेव्हा सासू डोळे पुसत म्हणाली, तो असाच होता, घरीही सगळ्यायले असाच सतावे. मग तिनं हात लांब करून सुनेला आपल्याजवळ ओढून बसवलं.

आम्ही निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. काका सायकल हातात धरून चालत होते आणि मी शेजारून. कंपनीची गाडी आदल्या दिवशीचं सामान आवरून भंडाऱ्याच्या रस्त्याला लागली होती. तिची धूळ बसेपर्यंत आम्ही कडेला उभे राहिलो.

"कंपनीले हे परवडत नाही, बाई," ते म्हणाले. सायकल पुन्हा रस्त्यावर घेतली, चार पावलं चालले आणि म्हणाले, "मलेही परवडत नाही म्हना."